सीएमबीतला पॅरिटीभंग: इन्फ्लेशनची खूण कोणती आणि वाटेतली कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘प्लँक उपग्रहाच्या डेटात विश्व डाव्या-उजव्याला सारखं वागवत नाही असं दिसलं, अशा बातम्या वाचल्या. म्हणजे इन्फ्लेशनच्या काळात पॅरिटी मोडली होती का? तसा पुरावा सीएमबीत नेमका शोधतात कसा? आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्याला यात काही करता येईल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसं म्हणता येत नाही. बातम्यांमधला आकडा खरा आहे आणि तो काढणारी मंडळीही काटेकोर आहेत. पण तो आकडा इन्फ्लेशनबद्दल, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाबद्दल, नाही. सीएमबीचा, म्हणजे महास्फोटानंतर उरलेला आणि साऱ्या आकाशातून येणारा, प्रकाश निघाल्यापासून आपल्यापर्यंत पोचेतो वाटेत त्याचं काय झालं, याबद्दल तो आहे. किंवा मग दुर्बिणीतले डिटेक्टर आपण समजतो त्याच कोनात बसलेत का, याबद्दल. इन्फ्लेशनमधला पॅरिटीभंग, वाटेतला पॅरिटीभंग आणि यंत्राचा तिरकेपणा या तिन्हींचा ठसा पहिल्या नजरेला सारखाच दिसतो. ते वेगळे करण्यातच माझा बहुतेक वेळ जातो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पॅरिटी म्हणजे आरशातली सममिती. एखादी घटना आणि तिचं प्रतिबिंब, दोन्ही निसर्गाला सारखीच मान्य असतील तर पॅरिटी शाबूत आहे. १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी शंका काढली की दुर्बल बल हा नियम पाळत नसावं. लगेचच वू यांनी कोबाल्ट-६० वर प्रयोग करून ते दाखवून दिलं. विद्युतचुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण मात्र, आपल्याला माहीत आहे तिथवर, आरशाचा नियम पाळतात. इन्फ्लेशनच्या काळातली ऊर्जा आपल्या कुठल्याही प्रवेगकाच्या आवाक्यापलीकडची होती. तिथे अॅक्सिऑनसारखं एखादं, अजून न सापडलेलं, क्षेत्र असेल आणि ते गुरुत्वाशी किंवा एखाद्या गेज क्षेत्राशी (विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या जातीच्या क्षेत्राशी) चेर्न-सायमन्स पद्धतीने, म्हणजे डावं-उजवं ओळखणाऱ्या जोडणीने, जोडलेलं असेल, तर डाव्या आणि उजव्या लहरींना वेगळी वागणूक मिळू शकते. म्हणून हा शोध घेण्यासारखा आहे.

आता सीएमबीकडे येऊ. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला हा प्रकाश थोडासा ध्रुवीभूत आहे, म्हणजे त्याच्या लहरी एका दिशेत जरा जास्त कंप पावतात. नकाशावर एखादा गरम ठिपका घ्या आणि त्याच्या भोवती ध्रुवीकरणाच्या छोट्या रेघा काढा. सगळ्या रेघा केंद्राकडे रोखलेल्या असतील किंवा वर्तुळाच्या कडेने आडव्या असतील, तर तो ई-मोड. सगळ्या रेघा केंद्राकडे जाणाऱ्या रेषेशी ४५ अंशांत एकाच बाजूला कललेल्या असतील, तर तो बी-मोड. ई-मोड आरशात धरला तर तसाच दिसतो. बी-मोड आरशात धरला की उजवीकडचा कल डावीकडे जातो, म्हणजे चिन्ह बदलतं. तापमान आणि ई एका बाजूला, बी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे विश्व डावं-उजवं करत नसेल, तर ई आणि बी यांचा परस्परसंबंध साऱ्या आकाशावर सरासरी काढल्यावर शून्य यायला हवा. तापमान आणि बी यांचाही तसाच. ल्यू, वांग आणि कामियोन्कोव्स्की यांनी १९९९ मध्ये हे स्वच्छ मांडलं: ईबी (ई आणि बी यांचा संबंध) आणि टीबी (तापमान आणि बी यांचा) मोजा, शून्य नसेल तर पॅरिटी मोडलेली आहे.

कागदावर हे फार सोपं आहे. अडचण सुरू होते ती डिटेक्टरच्या कोनापासून.

समजा, साऱ्या आकाशातलं ध्रुवीकरण ०.३५ अंशांनी फिरलं. मग ई-मोडचा एक छोटा हिस्सा बी-मोडमध्ये सांडतो. हा हिस्सा दुप्पट कोनाच्या साइनइतका, म्हणजे ०.७ अंशाचा साइन, सुमारे १.२ टक्के. ईबी स्पेक्ट्रमही (कोणत्या कोनावर संबंध किती, याचा आलेख) ईई स्पेक्ट्रमच्या, म्हणजे ईच्या स्वतःशीच असलेल्या संबंधाच्या, साधारण तेवढाच, १.२ टक्के, येतो आणि त्याचा आकार ईईचीच नक्कल असतो. आता हा ०.३५ अंश वाटेत आला की दुर्बिणीतले डिटेक्टरच तेवढे वाकडे बसलेत? एकट्या सीएमबीकडे पाहून याचं उत्तर मिळत नाही. दोन्हींचं गणित अक्षरशः एकच आहे. प्लँकच्या २०१६ च्या विश्लेषणात कोन सुमारे ०.३१ अंश आला होता, सांख्यिकी त्रुटी फक्त ०.०५. पण डिटेक्टरच्या कोनाची अनिश्चितता ०.२८ अंश होती, त्यामुळे त्यावरून काहीच म्हणता आलं नाही.

कोन जुळवायला आकाशात चांगला संदर्भ मिळत नाही. क्रॅब तेजोमेघ वापरतात, पण त्याचा स्वतःचा ध्रुवीकरणाचा कोन या कामाला पुरेल इतक्या अचूकपणे ठाऊक नाही. इन्फ्लेशनच्या गुरुत्वीय लहरी शोधणारे अनेक गट एक जवळचा मार्ग घेतात: ईबी शून्यच आहे असं धरून डिटेक्टरचा कोन त्यावरून ठरवतात. त्यांच्या कामाला ते चालतं. आपल्या कामाला ते अजिबात चालत नाही, कारण जे शोधायचं तेच आधी शून्य करून टाकलेलं असतं. कुठल्याही प्रयोगाचा नकाशा हातात घेताना त्याचा कोन कशावरून ठरवलाय हे मी सर्वांत आधी वाचते.

ही कोंडी फोडण्याची युक्ती युतो मिनामी आणि एइइचिरो कोमात्सु यांनी शोधली, आणि मला ती या क्षेत्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा प्रकाशही ध्रुवीभूत असतो आणि तो त्याच डिटेक्टरमध्ये येतो. पण तो फार तर काही हजार प्रकाशवर्षं चाललेला असतो. सीएमबीचा प्रकाश सुमारे १३.८ अब्ज वर्षं चाललाय. म्हणजे वाटेतलं फिरणं फक्त सीएमबीला लागू, डिटेक्टरचा तिरकेपणा दोघांनाही लागू. वेगवेगळ्या वारंवारतांवर धूळ आणि सीएमबी यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे दोन्ही कोन सुटे करता येतात. २०२० मध्ये त्यांनी प्लँकच्या डेटातून वाटेतल्या फिरण्याचा कोन काढला: ०.३५ ± ०.१४ अंश, म्हणजे २.४ सिग्मा (निकाल शून्यापासून किती त्रुटी दूर आहे, त्याचं हे माप). २०२२ मध्ये पात्रिसिया दिएगो-पालासुएलोस आणि सहकाऱ्यांनी प्लँकच्या सुधारित नकाशांवरून ०.३० ± ०.११ काढला. त्याच वर्षी एस्किल्ट आणि कोमात्सु यांनी डब्ल्यूमॅप (प्लँकच्या आधीचा उपग्रह) आणि प्लँक यांचा डेटा एकत्र केला, तेव्हा सुमारे ०.३४ अंश आणि ३.६ सिग्मा आलं. तुम्ही वाचलेल्या बातम्या याच.

हे फिरणं चुंबकीय क्षेत्रामुळे झालं असतं (फॅरेडे परिणाम), तर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटलं असतं. तसं दिसत नाही. म्हणजे सिग्नल खरा असेल तर त्यामागचं कारण नवं आहे.

कच्चा दुवा मला धुळीत दिसतो. धुळीचं स्वतःचं ईबी शून्य आहे असं धरलं तर एक कोन येतो, नाही धरलं तर दुसरा. आंतरतारकीय धुळीचे लांबट तंतू आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र एका दिशेत नसतील, तर धूळ स्वतःच टीबी आणि ईबी तयार करते. सुझन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे दाखवलं, आणि प्लँकला धुळीत टीबी आधीच दिसलेला होता. दिएगो-पालासुएलोस यांनी धुळीच्या ईबीचा हिशेब घालून पुन्हा मोजलं तेव्हा कोन ०.३६ झाला. नाहीसा झाला नाही हे चांगलं. पण धुळीचं मॉडेल बदलल्यावर आकडा सरकतो, हेही विसरता येत नाही.

म्हणूनच २०२५ चा अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. तिथे धुळीचा आधार घेतलेला नाही. दुर्बिणीच्या भिंगांचं आणि डिटेक्टरांचं प्रकाशशास्त्रीय मॉडेल करून कोन ठरवलाय. त्यांच्या डेटावरून दिएगो-पालासुएलोस आणि कोमात्सु यांनी ०.२१५ ± ०.०७४ अंश काढला, २.९ सिग्मा. चिन्ह तेच, आकडा जवळपास तेवढाच, आणि चुकण्याच्या जागा मात्र पूर्ण वेगळ्या. मी याला शोध म्हणणार नाही, पण आता हे झटकून टाकण्याजोगंही राहिलेलं नाही.

मात्र हा कोन उद्या पाच सिग्माने पक्का झाला, तरी तो इन्फ्लेशनचा पुरावा होत नाही. फोटॉनशी जोडलेलं एखादं हलकं क्षेत्र सीएमबी निघाल्यानंतर हळूहळू बदलत गेलं, तर ध्रुवीकरणाची दिशा वाटेत फिरते. अशा जोडणीचा विचार कॅरॉल, फील्ड आणि जॅकीव यांनी १९९० मध्ये दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या संदर्भात केला होता. असं क्षेत्र कृष्ण ऊर्जा असू शकतं किंवा कृष्ण पदार्थाचा भाग असू शकतं. बातमी म्हणून ती प्रचंडच असेल. पण ती इन्फ्लेशनच्या नंतरच्या विश्वाची असेल.

इन्फ्लेशनची स्वतःची खूण वेगळी आहे. इन्फ्लेशनमध्ये तयार झालेल्या गुरुत्वीय लहरी उजव्या आणि डाव्या अशा दोन प्रकारच्या असतात. साध्या मॉडेलमध्ये दोन्ही समसमान. चेर्न-सायमन्स गुरुत्व असेल तर फरक पडतो, पण बहुधा लहान. मोठा फरक पाडणारी मॉडेल्स गेज क्षेत्रांची आहेत: अॅक्सिऑन एखाद्या गेज क्षेत्राला ऊर्जा देतं, त्या क्षेत्राचा एकच हात (डावा किंवा उजवा प्रकार) फोफावतो आणि तो एकाच हाताच्या गुरुत्वीय लहरी उठवतो. सोर्बो यांनी २०११ मध्ये साध्या, विद्युतचुंबकीय धर्तीच्या गेज क्षेत्रासाठी हे मांडलं. पुढे एसयू(२) क्षेत्रांची मॉडेल्स आली, त्यांत लहरी जवळजवळ पूर्ण एकहाती असू शकतात.

अशा लहरी सीएमबीवर पडल्या की टीबी आणि ईबी दोन्ही येतात, पण त्यांचा आकार वाटेतल्या फिरण्यासारखा नसतो. वाटेतलं फिरणं ईईची नक्कल करतं, त्यामुळे ते लहान कोनांवर, मल्टिपोल हजाराच्या आसपासही (मल्टिपोल जितका मोठा, तितका आकाशातला कोन लहान) ठळक असतं. गुरुत्वीय लहरींचा ठसा मोठ्या कोनांवर असतो: मल्टिपोल १० च्या खाली, पुनर्आयनीभवनातून (पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने वायू पुन्हा आयनित झाला तेव्हा) आलेला, आणि १०० च्या अलीकडे, मूळ प्रकाशातून आलेला. त्याच्यापुढे तो विरतो. शिवाय लहरी असतील तर बीबी स्पेक्ट्रममध्येही (बीच्या स्वतःशी संबंधातही) त्यांचा उंचवटा दिसला पाहिजे. वाटेतल्या फिरण्याने बीबीत येणारा हिस्सा ईईच्या दहा हजारात एक-दीड भाग, नगण्य. म्हणजे आकार पाहून ओळख पटवता येते, पण त्यासाठी मोठ्या कोनांवरचा स्वच्छ डेटा हवा.

इथे निसर्गाने मोठी अडवणूक केलेली आहे. टीबी घ्या. तापमानाच्या नकाशात गुरुत्वीय लहरींचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळा चढउतार घनतेतल्या फरकांचा. तो चढउतार टीबीसाठी निव्वळ गोंगाट आहे, आणि डिटेक्टर कितीही सुधारला तरी तो कमी होत नाही. ईबीत हा त्रास कमी, पण सिग्नलही लहान. वर मोठ्या कोनांवर सरासरी काढायला नमुनेच थोडे, कारण आकाश एकच आहे. थॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: लाइटबर्डसारखा उपग्रहसुद्धा हा एकहातीपणा तेव्हाच पकडू शकेल, जेव्हा गुरुत्वीय लहरींचं प्रमाण सांगणारा आकडा, ज्याला आम्ही ‘आर’ म्हणतो, साधारण ०.०३ च्या वर असेल आणि लहरी जवळजवळ पूर्ण एकहाती असतील. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक प्रयोगाची २०२१ ची मर्यादा आहे आर ०.०३६ पेक्षा कमी. म्हणजे उरलेली फट अगदीच चिंचोळी आहे. सीएमबीच्या टीबी-ईबीमधून इन्फ्लेशनचा एकहातीपणा दिसेल अशी आशा मी फारशी धरत नाही.

पण दोन बिंदूंच्या संबंधांवर शोध संपत नाही, आणि मला वैयक्तिकरीत्या पुढचा भाग अधिक आवडतो.

गुरुत्वीय लहरी बाजूला ठेवा. नुसत्या घनतेच्या चढउतारांत, म्हणजे तापमानाच्या नकाशात, पॅरिटीभंग दिसू शकेल का? दोन बिंदू जोडणारी रेघ आरशात तशीच राहते. त्रिकोणाचं प्रतिबिंबही अवकाशात फिरवून मूळ त्रिकोणावर बसवता येतं. चार बिंदूंची चौपृष्ठी मात्र वेगळी: तिच्या बाजू असमान असतील तर प्रतिबिंब कसंही फिरवलं तरी मूळ आकृतीवर बसत नाही. म्हणून घनतेतला पॅरिटीभंग शोधायला किमान चार बिंदूंचा संबंध, म्हणजे ट्रायस्पेक्ट्रम लागतो. (तीन बिंदूंच्या बायस्पेक्ट्रमचा पॅरिटी-विषम भागही मोजतात, पण तो लहरींसारख्या गोष्टींनीच तयार होतो, नुसत्या घनतेने नाही. त्यावरचा २०११ चा एक महत्त्वाचा लेख मार्क कामियोन्कोव्स्की आणि तेव्हा पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत असलेले शास्त्रज्ञ तरुण सौरदीप यांचा आहे.)

सीएमबीत इथेही एक मेख आहे. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी उजवी होत नाही, पण तिच्या तळव्याचा कागदी कटआउट उलटा केला की उजवा होतो. चारही बिंदू एका सपाट पृष्ठावर असले की नेमकं हेच होतं. सीएमबी आपल्याला एका पातळ कवचावरच दिसतो, आणि आकाशाचा छोटा तुकडा घेतला तर तो जवळजवळ सपाटच असतो. म्हणून लहान कोनांवर कितीही बारीक तपशील मिळवला तरी या सिग्नलसाठी त्याचा उपयोग कमी. कवचाची वक्रता जिथे जाणवते, तिथे माहिती आहे.

दीर्घिकांच्या त्रिमिती नकाशात ही अडचण नाही. २०२२ मध्ये हौ, स्लेपियन आणि कान यांनी बॉस या दीर्घिका-सर्वेक्षणातल्या एका नमुन्यात ७.१ सिग्मा आणि दुसऱ्यात ३.१ सिग्माचा पॅरिटीभंग दिसतो असं मांडलं. त्याच सुमारास ऑलिव्हर फिलकॉक्स यांनी वेगळ्या पद्धतीने २.९ सिग्मा काढला. आमच्या क्षेत्रात तेव्हा मोठी खळबळ झाली. दीर्घिकांमधलं हे इन्फ्लेशनमधून आलं असेल, तर त्याच चढउतारांनी घडलेल्या सीएमबीतही त्याची चाहूल हवी. फिलकॉक्स यांनी २०२३ मध्ये प्लँकच्या तापमान नकाशाचा पॅरिटी-विषम ट्रायस्पेक्ट्रम मल्टिपोल ५१० पर्यंत मोजला. काहीही सापडलं नाही. मोजमाप शून्याशी अगदी नीट जुळलं. नंतर शिराइशी यांच्यासोबत ध्रुवीकरणही घेतलं, तरी शून्यच.

बॉसच्या सिग्नलचं काय झालं, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावं. चार बिंदूंच्या संबंधाची त्रुटी ठरवायला आठ बिंदूंचा संबंध लागतो. तो खऱ्या डेटातून नाही, कृत्रिम दीर्घिका-नकाशांतून काढतात. त्या नकाशांतला आठ बिंदूंचा संबंध खऱ्या आकाशाशी जुळत नसेल, तर त्रुटी चुकीची येते आणि नसलेला सिग्नल दिसतो. क्रोलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हे दोन परिणाम वेगळे करणारी मापं तयार केली. आठ बिंदूंची तफावत सुमारे ६ सिग्मा निघाली. पॅरिटीचा सिग्नल विश्लेषणातल्या निवडींनुसार ० ते २.५ सिग्मा. म्हणजे ठोस पुरावा नाही.

मग शून्य निकालाचा उपयोग काय? खूप आहे. इन्फ्लेशन एकाच क्षेत्राने घडवलं असेल, ते लहान-मोठ्या सर्व अंतरांवर सारखं असेल आणि सुरुवातीची अवस्था नेहमीची निर्वात अवस्था असेल, तर घनतेचा पॅरिटी-विषम ट्रायस्पेक्ट्रम पहिल्या पायरीच्या गणितात शून्यच येतो. लिऊ, टोंग, वांग आणि शियान्यू यांनी २०१९ मध्ये, तर काबास, पाजेर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे सविस्तर दाखवलं. म्हणजे साध्या इन्फ्लेशनची पार्श्वभूमी इथे आपोआप कोरी आहे. काहीही खात्रीने दिसलं तर जास्तीची क्षेत्रं, किंवा या गृहीतकांपैकी एखादं मोडणारं काहीतरी, मानावंच लागेल. इतकी स्वच्छ चाचणी भौतिकशास्त्रात क्वचित मिळते, म्हणून हे मोजत राहायला हवं असं मी आग्रहाने म्हणते.

वाटेतल्या कोनाबाबत माझी खात्री कशाने पटेल? डिटेक्टरचा कोन आकाशाच्या आधाराशिवाय, प्रत्यक्ष ठेवलेल्या स्रोताने ०.१ अंशापेक्षा बऱ्याच कमी त्रुटीत मोजलेला हवा. चिलीच्या अटाकामा वाळवंटातली सायमन्स वेधशाळा दुर्बिणीपुढे तारांची जाळी फिरवून कोन ठरवते. मी त्या निकालांची वाट पाहतेय. दुसरी गोष्ट, मल्टिपोल १० च्या खालचा ईबी. तिथला प्रकाश पुनर्आयनीभवनाच्या वेळी विखुरलेला, म्हणजे कमी वाट चाललेला. तिथला कोन वेगळा आला, तर फिरणं केव्हा झालं ते कळेल. शिवाय डिटेक्टरचा तिरकेपणा दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे असा फरक त्याच्यावर ढकलता येणार नाही. त्यासाठी अवकाशातूनच पाहावं लागेल, आणि जपानच्या पुढाकाराने आखलेला लाइटबर्ड २०३० च्या दशकासाठी आहे.

आता विद्यार्थ्याबद्दल. यात हात घालायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्लँक आणि डब्ल्यूमॅपचे नकाशे खुले आहेत, आकाशाचे नकाशे हाताळणारं हीलपिक्स आणि त्याचं पायथनमधलं रूप हीलपाय फुकट आहे, आणि एका बऱ्या लॅपटॉपवर सुरुवात होते. प्रमाण मॉडेलचे स्पेक्ट्रम घेऊन क्यू आणि यू नकाशे (ध्रुवीकरणाची दिशा सांगणारे दोन घटक) तयार करा. ते ०.३ अंशाने फिरवा. ध्रुवीकरणाच्या नकाशात दुप्पट कोन येतो हे लक्षात ठेवा. मग ईबी मोजून कोन परत मिळतो का ते पाहा.

यात एक जागा अशी आहे जिथे नवे लोक हमखास अडकतात. यू नकाशाच्या चिन्हाचे दोन संकेत आहेत. हीलपिक्स कॉस्मो संकेत वापरतं, खगोलशास्त्रज्ञ बहुधा आयएयूचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचा. दोघांत यूचं चिन्ह उलटं असतं. ईई आणि बीबीत याने कणभरही फरक पडत नाही, त्यामुळे बाकीच्या कामात तो सहज निसटतो. ईबी आणि टीबीचं चिन्ह मात्र उलटतं, आणि पॅरिटीच्या कामात तर चिन्ह हाच निकाल असतो. दोन प्रयोगांचे नकाशे जोडताना एकाचा संकेत वेगळा निघाला, तर खरा सिग्नल एकमेकांत कटतो. प्रत्येक फाइलचा हेडर उघडून संकेत कोणता ते वाचा, मगच पुढे जा.

हे जमलं की आकाशगंगेचा भाग झाकणारा मास्क लावून ई-मोडमधून बी-मोड किती गळतो ते पाहा. मग धुळीचा नकाशा मिसळा, डिटेक्टरला वेगळा कोन द्या आणि मिनामी-कोमात्सु पद्धतीने दोन्ही कोन सोडवा. शेवटी धुळीला थोडंसं स्वतःचं ईबी द्या, मॉडेलमध्ये ते शून्यच धरा, आणि सीएमबीचा कोन कुठे सरकतो ते नोंदवा. एवढं स्वतःच्या हाताने केल्यावर प्लँक आणि अटाकामाचे लेख वाचा. कुठला आकडा कशावर उभा आहे ते तुम्हाला ओळीओळीत दिसू लागेल.